डॉन पुलनचा 'न्यू बिगिनिंग्ज': साधा ट्रिओ, आडदांड पियानो

पियानो, बास आणि ड्रम्स. जॅझमधली ही सगळ्यात रुळलेली मांडणी, मोठ्या हॉटेलच्या लॉबीतही हीच असते आणि बिल एव्हान्स, अहमद जमाल, ऑस्कर पीटरसन या पियानोवाल्यांची गाजलेली रेकॉर्डिंग्जही ह्याच तीन वाद्यांवरची. त्यामुळे जो माणूस वर्षानुवर्षं फ्री जॅझवाला, म्हणजे ठरलेली चाल आणि ठेका सोडून मोकळं वाजवणारा, म्हणून ओळखला गेलाय तो या मांडणीत येऊन बसला की लोक लगेच म्हणतात, हा आता मवाळ झाला, नाहीतर कंपनीने याला मवाळ करून घेतला. पियानोवाला डॉन पुलन याच्या 'न्यू बिगिनिंग्ज' या अल्बमबद्दल मला आधी हेच सांगायचंय की तसलं काहीही झालेलं नाहीये. उलट त्याचं जे आडदांड वाजवणं आहे ते आतून किती शिस्तीचं आहे हे नीट कळायचं असेल तर हाच अल्बम ऐकावा, आणि मांडणी साधी आहे म्हणूनच ते इथे कळतं.

अल्बम ब्लू नोट या जॅझच्या नावाजलेल्या कंपनीचा. डिसेंबर 1988 मध्ये रेकॉर्ड झाला, पुढच्या वर्षी बाजारात आला. पियानोवर पुलन, बासवर गॅरी पीकॉक, ड्रम्सवर टोनी विल्यम्स. सात ट्रॅक, सगळे पुलनने स्वतः रचलेले. एकही स्टँडर्ड नाही, म्हणजे ट्रिओ पारंपरिक असला तरी जुनी लोकप्रिय गाणी वाजवून श्रोत्यांना खूश करायचा विचार त्याने केलेला नाही.

पुलनची पार्श्वभूमी थोडी सांगतो, कारण ती माहीत नसेल तर पहिल्यांदा ऐकताना हा नुसता जोरात बडवलेला पियानो वाटू शकतो. जन्म 1941 चा, व्हर्जिनियातल्या रोआनोकचा. लहानपणापासून चर्चमध्ये वाजवायचा, मग डॉक्टर व्हायचं म्हणून कॉलेजात गेला आणि ते सोडून संगीतात आला. शिकागोत मुहाल रिचर्ड एब्रम्स या प्रयोगशील पियानोवाल्याच्या संगतीत राहिला, मग न्यूयॉर्क. 1964 ला सॅक्सवाला ज्युसेपी लोगनच्या बँडमध्ये ईएसपी या रेकॉर्ड कंपनीसाठी वाजवलं, 1966 ला येल युनिव्हर्सिटीत ड्रमर मिलफर्ड ग्रेव्हजबरोबर फक्त दोघांचा कार्यक्रम केला आणि त्याची रेकॉर्ड दोघांनी स्वतःच काढून विकली, कव्हरं हाताने रंगवलेली. ती ऐकलीत तर कळेल की तेव्हा हा किती टोकाला होता, तिथे ना चाल, ना धरून ठेवायला ठेका, ना कॉर्ड्सचं (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीचं) आवर्तन, पियानो आणि ड्रम्स दोन्ही सारखेच आघाताची वाद्यं झालेली. पण त्याच काळात पोटापाण्यासाठी हाच माणूस ऑर्गन वाजवत होता, रूथ ब्राउन, आर्थर प्रायसॉक, बिग मेबेल अशा गायकांच्या मागे, ब्लूज आणि आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज), जिथे एक मात्रा इकडची तिकडे झाली तर गायक मागे वळून बघतो. समीक्षकांनी येलवाला पुलन लक्षात ठेवला, त्याला फ्री जॅझचा पियानोवाला सेसिल टेलरच्या रांगेत नेऊन बसवला आणि ऑर्गनवाला पुलन विसरून गेले. त्याच्या वाट्याला कायम अर्धंच कौतुक आलं त्याचं मूळ मला इथे वाटतं, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं कारण हे दोघे पुलन एकाच वेळी वाजवतात तेव्हाच त्याची खरी मजा आहे.

1973 ला बासवाला आणि बँडलीडर चार्ल्स मिंगसने त्याला बँडमध्ये घेतलं. मिंगसच्या 'चेंजेस वन' आणि 'चेंजेस टू' या अल्बमवर पियानो याचाच आहे. त्याच बँडमध्ये टेनर सॅक्सवाला जॉर्ज ॲडम्स आणि मिंगसचा कायमचा ड्रमर डॅनी रिचमंड होते, आणि 1979 ला मिंगस गेला त्याच वर्षी या तिघांनी बासवर कॅमेरॉन ब्राउनला घेऊन स्वतःची चौकडी सुरू केली, ती जवळजवळ दशकभर चालली. ती चौकडी मला प्रचंड आवडते, पण तिथे एक गोष्ट व्हायची. ॲडम्सचा सॅक्स स्वतःच इतका किंचाळायचा, रडायचा, हाका मारायचा की पुलनने पियानोवर वादळ उठवलं तरी ऐकणाऱ्याचं अर्ध लक्ष त्या सॅक्सकडे. मार्च 1988 मध्ये रिचमंड गेला आणि ती चौकडी थांबली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये हा ट्रिओ. आता पुढे सॅक्स नाही, आडोसा नाही, चाल पण यानेच गायची, सोलो पण यानेच करायचा आणि कॉर्ड्स पण यानेच धरायच्या.

आता हातांकडे येतो, कारण सगळं तिथेच आहे. पुलन उजव्या हाताने नुसता बोटांनी वाजवत नाही. अंगात आलं की मनगट वळवतो आणि हाताची मागची बाजू, म्हणजे बोटांची पेरं आणि करंगळीकडची कड, पट्ट्यांवरून अशी फिरवतो जसं पोळीवर लाटणं फिरावं. त्यामुळे शेजारशेजारचे सूर एकदम गुच्छाने निघतात. आता गुच्छ वाजवणारे पुष्कळ आहेत, नुसता पंजा आपटला तरी गुच्छ होतो, त्यात काय मोठंसं नाही. पुलनची कमाल अशी की गुच्छ कुठून सुटणार आणि कुठल्या सुरावर जाऊन थांबणार हे पूर्ण त्याच्या ताब्यात असतं. आधी एक झपाटा ऐकू येतो, नीट कान दिलात तर त्याच्या वरच्या टोकाला एक स्वच्छ सूर असतो, पुढच्या झपाट्याच्या टोकाला दुसरा, त्याच्या पुढच्याला तिसरा, आणि ही टोकं मनात जोडत गेलात की चक्क गुणगुणता येईल अशी चाल हाती लागते. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर 1975 च्या स्वित्झर्लंडमधल्या माँट्रो जॅझ फेस्टिव्हलमधला मिंगसचा कार्यक्रम व्हिडिओवर आहे, त्यात पियानोवर हाच आहे, एकदा हात बघितला की मग नुसतं ऐकतानाही तो डोळ्यांसमोर येतो.

आणि हे सगळं उजवीकडे चाललेलं असताना डावा हात ढळत नाही. तो कॉर्ड्स मांडत राहतो, जागच्या जागी, लयीत, चर्चमधल्या ऑर्गनवाल्यासारखा ठाम. ख्याल ऐकणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको, ठेका चालू असतो म्हणूनच तान किती लांब गेली आणि समेवर कशी येऊन पडली ते कळतं, ठेकाच नसेल तर लांब जाणं आणि भरकटणं यात फरक काय राहिला. येलच्या रेकॉर्डवर पुलन बाहेर असतो पण कशाच्या बाहेर ते दिसत नाही. इथे मात्र मोजलेल्या मात्रांचं आवर्तन आहे, ठरलेल्या कॉर्ड्स आहेत, बास आणि ड्रम्स ती चौकट धरून आहेत आणि हा तिच्यातून उडी मारून बाहेर जातो, परत येतो, पुन्हा जातो. प्रत्येक वेळी परत येतो तो अगदी नेमक्या जागी, एका मात्रेचाही घोळ नाही. मला वाटतं ह्या माणसाला साध्या ट्रिओची गरज होती आणि साध्या ट्रिओला ह्या माणसाची.

पहिला ट्रॅक 'जॅनाज डिलाइट' ऐका म्हणजे मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. चाल इतकी आनंदी आहे की लहान मुलाला पण आवडेल, सुरुवातीला तर वाटतं की अरे हा तर अगदी सरळ माणूस आहे, उगाच घाबरलो आपण. मग सोलो सुरू होतो, आधी बोटांनीच, स्वच्छ, एकेक सूर वेगळा, आणि मग हळूहळू सुरांच्या कडा फाटायला लागतात, एका सुराबरोबर शेजारचा पण वाजतो, मग दोन, मग सगळा हात फिरायला लागतो. पण आनंद तोच राहतो! अवाँ-गार्द, म्हणजे परंपरा मोडणारं प्रायोगिक संगीत, म्हटलं की आपल्याला राग, वेदना, विद्रोह असलं काहीतरी अपेक्षित असतं, तसं दर वेळी असायलाच पाहिजे असं कुठे आहे, इथे गुच्छ आनंदाने वाजतात, माणूस खूप खूश झाला की त्याचे शब्द एकमेकांवर पडतात ना तसे. पियानोवर इतका गोंगाट आणि इतका गोडवा एकाच वेळी मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही.

आता बाकीच्या दोघांबद्दल, कारण साथीदार निवडण्यातच अर्धी लढाई जिंकलीय. गॅरी पीकॉक आणि टोनी विल्यम्स ही नावं वाचून कुणालाही वाटेल की कंपनीने दोन स्टार आणून बसवले. पण या दोघांचा एकमेकांशी जुना संबंध आहे. विल्यम्सने पोरवयात, ट्रंपेटवाला मायल्स डेव्हिसच्या बँडमध्ये असतानाच, ब्लू नोटसाठी स्वतःच्या नावाने दोन अल्बम केले, 'लाइफ टाइम' आणि 'स्प्रिंग', 1964 आणि 1965 चे, दोन्ही बऱ्यापैकी मोकळ्या वळणाचे, आणि दोन्हींवर बासवाल्यांत पीकॉक आहे. पीकॉकने 1964 मध्येच सॅक्सवाला अल्बर्ट आयलरबरोबर 'स्पिरिच्युअल युनिटी' हा अल्बम केला, तो फ्री जॅझचा पायाच समजतात, आणि नंतर 1983 पासून पियानोवाला कीथ जॅरेटच्या स्टँडर्ड्स ट्रिओत तो वर्षानुवर्षं जुनी गाणी वाजवत होता. म्हणजे या तिघांपैकी प्रत्येकजण चौकटीतलं आणि चौकटीबाहेरचं दोन्ही जगलेला. कुणालाच कुणासाठी सोपं करून वाजवावं लागत नाही, कुणी घाबरत नाही. पुलन एकदम उधळला की एखादा भिडस्त बासवाला गप्प तरी बसला असता नाहीतर आपणही उधळला असता, पीकॉक दोन्ही करत नाही, तो खाली एखादा लांब सूर धरून ठेवतो आणि मग हळूच असा एक सूर सरकवतो की वरच्या सगळ्या गुच्छाचा अर्थच बदलतो.

टोनी विल्यम्सबद्दल तर काय लिहू. ऐंशीच्या दशकातला विल्यम्स म्हणजे ते मोठे पिवळे ग्रेच ड्रम्स, रॉकवाल्यांना शोभेल असा मोठा बेस ड्रम, आणि आवाज तसाच दणदणीत. खूप जॅझवाल्यांना तो तेव्हा जड वाटायचा, ट्रिओत तर जास्तच. पण पुलनच्या पियानोला तेवढंच वजन पेलतं. दुसरा कुणी हलक्या हाताचा ड्रमर असता तर पियानोने त्याला गिळून टाकलं असतं, इथे दोघं एकमेकांच्या अंगावर धावून जातात आणि दोघंही जागेवर राहतात. विल्यम्सची राइड सिंबल, म्हणजे जिच्यावर सतत लय धरतात ती मोठी झांज, ऐका, वरून कितीही दणका चालू असला तरी ती बारीक, नेमकी, पुढे ओढत नेणारी, तिच्यामुळेच एवढ्या वजनाचं संगीत कुठे रेंगाळत नाही. त्याचं काम खास ऐकायचं तर 'वॉरियर्स' हा ट्रॅक आहेच.

एक तक्रार आहे ती पण सांगतो. जिथे पुलन आणि विल्यम्स दोघंही पूर्ण जोरात असतात तिथे बास ऐकू यायला कान ताणावे लागतात. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकलंत तर काही ठिकाणी पीकॉक आहे की नाही अशी शंका येईल आणि मग हे सगळं नुसतं दाणदाण वाटेल, त्यामुळे कृपा करून हेडफोनवर किंवा बऱ्या स्पीकरवर ऐका, मोबाइलच्या आवाजावर तर अजिबात नको. पियानोचा आवाजही थोडा कडक आहे, वरच्या पट्ट्या चमकतात, ते त्या काळच्या बऱ्याच डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये असायचं, कुणाला ते खुपेल. मला पुलनच्या बाबतीत ते चाललं, कारण गुच्छाच्या टोकाचा तो सूर स्पष्ट ऐकू येणं महत्त्वाचं आणि तो येतो.

मधले 'वन्स अपॉन अ टाइम' आणि टायटल ट्रॅक चांगले आहेत, त्यांच्या चाली लक्षात राहतात, पण मी सारखा परत जातो तो 'ॲट द कॅफे सेंट्राल' कडे. स्पॅनिश रंगाचा ट्रॅक आहे, फ्लामेंको ऐकणाऱ्याला ओळखीचं वाटेल असं स्वरांचं वळण. आणि इथे त्या हात फिरवण्याचा अजून एक उपयोग कळतो, गिटारवाला बोटं उलगडत सगळ्या तारांवरून हात नेतो तो जो खर्रकन आवाज असतो तो पुलन पियानोवर काढतो. पियानोला तारा असतात पण त्यांना आपण हात लावत नाही, मध्ये पट्टी आणि हातोडी असते, तरी तारा छेडल्याचा भास होतो. मी हा ट्रॅक आवाज वाढवूनच ऐकतो, शेजाऱ्यांची क्षमा मागून.

'रीप द व्हर्लविंड' हा अल्बममधला सगळ्यात मोकळा, सगळ्यात जुन्या पुलनसारखा ट्रॅक. नाव बायबलमधलं, वारा पेराल तर वावटळ कापाल असं ते वचन आहे, चर्चमध्ये वाढलेल्या माणसाला ते पाठच असणार. ज्यांना वाटत होतं की पुलन निवळला त्यांनी थेट इथे यावं. पण अल्बममध्ये त्याची जागा बघा, अगदी शेवटून दुसरा. आधीचे ट्रॅक ऐकून तोपर्यंत तुमच्या कानाला ते हात फिरवणं, ती टोकं जोडणं, डाव्या हाताचा भरवसा, सगळ्याची सवय झालेली असते. त्यामुळे चौकट सुटली तरी ऐकणारा हरवत नाही. हाच ट्रॅक पहिला टाकला असता तर अर्ध्या लोकांनी सीडी बंद केली असती असं माझं मत आहे.

आणि मग शेवटचा, 'सायलेन्स इक्वल्स डेथ'. यात पुलन एकटा आहे, बास नाही, ड्रम्स नाहीत. हे नाव त्याने शोधलेलं नाही, ती एड्सच्या विरोधात लढणाऱ्या न्यूयॉर्कमधल्या कार्यकर्त्यांची घोषणा होती, काळ्या पोस्टरवर गुलाबी त्रिकोण आणि खाली हे शब्द, 1987 पासून शहरात भिंतींवर लागलेली, ॲक्ट अप संघटनेने तीच घोषणा आपली केली. तेव्हा त्या शहरात माणसं पटापट मरत होती, कलेच्या, संगीताच्या जगातली तर खूपच, आणि सरकार वर्षानुवर्षं त्यावर बोलायलाच तयार नव्हतं. अशा वेळी मोठ्या कंपनीच्या जॅझ अल्बमवर हे नाव छापणं ही मला मोठी गोष्ट वाटते, आणि त्याबद्दल पुलनविषयी फार आदर वाटतो. वाजवलंय पण तसंच, उगाच रडारड नाही. आधीच्या ट्रॅक्समध्ये आनंदाने उसळणारे तेच हात इथे जपून चालतात, आणि जिथे गुच्छ येतो तिथे तो आनंदाचा राहिलेला नसतो. सुरांचा तोच ढीग, तेच तंत्र, पण पहिल्या ट्रॅकवर हसू आणि शेवटच्यावर हे. तंत्र म्हणजे नुसती करामत समजणाऱ्यांनी हे दोन ट्रॅक पाठोपाठ ऐकावेत.

घ्यावा की नाही? ज्यांनी जॅझ पियानो म्हणजे बिल एव्हान्सपर्यंत ऐकलंय आणि पुढच्या फ्री प्रकाराला हात लावायची भीती वाटते त्यांच्यासाठी यापेक्षा चांगला दरवाजा मला माहीत नाही. आणि जे ऑलरेडी सेसिल टेलर वगैरे ऐकतात, ज्यांना ठेका आणि कॉर्ड्स म्हणजे तडजोड वाटते, त्यांनी तर नक्कीच ऐकावा. माझ्याकडे जुनी सीडी आहे, सेकंडहँड घेतलेली, तुम्हाला स्ट्रीमिंगवर मिळाला तर तिथे ऐका, फक्त ट्रॅकचा क्रम बदलू नका आणि शफल तर मुळीच लावू नका.

आवडला तर पुढे 'रँडम थॉट्स' घ्या, 1990 चा, तोही ट्रिओच आहे पण बासवर जेम्स जीनस आणि ड्रम्सवर लुइस नॅश. नॅश फार नेटका आणि हलका वाजवतो, त्यामुळे तिथे पियानो जास्त मोकळा ऐकू येतो आणि बासही दबत नाही, माझी वरची तक्रार तिथे राहत नाही. तरी विल्यम्सबरोबर जी झुंज होते ती तिथे नाही, म्हणून दोन्हींतला एकच निवडायचा तर मी 'न्यू बिगिनिंग्ज'च निवडेन. नंतर पुलनने ब्राझील आणि आफ्रिकेच्या तालांवर 'आफ्रिकन ब्राझिलियन कनेक्शन' हा बँड केला आणि शेवटी मोंटानातल्या चीफ क्लिफ सिंगर्स या मूळनिवासी गायक-ढोलवाल्यांबरोबर 'सेक्रेड कॉमन ग्राउंड' केला, तो बाजारात यायच्या आत, एप्रिल 1995 मध्ये, कॅन्सरने तो गेला, वय अवघं त्रेपन्न. विल्यम्स त्याच्या मागोमाग 1997 ला, पीकॉक 2020 ला. ऑर्गनवरचा पुलन ऐकायचा असेल तर सॅक्सवाला मासिओ पार्करचा 'रूट्स रिव्हिजिटेड' हा अल्बम बघा, तिथे तो अगदी घरच्यासारखा ब्लूज वाजवतो, आणि ते ऐकून 'जॅनाज डिलाइट' परत लावलंत तर डावा हात इतका ठाम कसा ते आपोआप कळेल.